शेतसाऱ्यातील चार पै आणि खेड्यातील शाळा

आपल्या गावची शाळा कोणाच्या पैशावर उभी राहिली, हा प्रश्न शेतकरी सहसा विचारीत नाही. सरकारने दिली, एवढीच त्याची समजूत असते. जुन्या मुंबई इलाख्यापुरते पाहिले तर ही समजूत खरी नाही. १८६० नंतरच्या दशकात ह्या इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसविण्यात आली व १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. हीच लोकल फंडाची पट्टी. एका आण्याच्या पै बारा. त्यांपैकी आठ रस्ते वगैरे कामांकडे जात आणि चार शाळांकडे. तेव्हा खेड्यातील प्राथमिक शिक्षणाचा पाया कुणब्याच्याच पदरच्या चार पैंवर रचला गेला. ज्याने पैसा दिला त्याच्या मुलास त्याबदली काय मिळावे, ह्या एका प्रश्नात शिक्षणाच्या हेतूचा बराचसा वाद सामावलेला आहे.

हा प्रश्न सरकारपुढे रोखठोक मांडला तो जोतीराव फुले ह्यांनी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या ह्या गृहस्थांनी १८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनास लेखी निवेदन दिले. मांजरी येथे कालव्याखाली आपली जमीन असून शेतकरी वर्गाची स्थिती आपणांस पुरती ठाऊक आहे, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या घामाचा, आणि त्याचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मुख्य तक्रार. वरच्यांस शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हे गृहीत त्यांस मान्य नव्हते. (पाट काढल्यावाचून पाणी वाफ्यात येत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.) निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि लोकल फंडाचा निदान अर्धा भाग त्यास द्यावा, असे त्यांचे मागणे होते.

परंतु पैशापेक्षाही त्यांनी सुचविलेला अभ्यासक्रम अधिक विचार करण्याजोगा आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतकीचे मूलभूत ज्ञान, नीती आणि आरोग्य ह्यांचे थोडे पाठ; शिवाय शाळेस जोडून लहानसे नमुन्याचे शेत. शिक्षक असा असावा की, प्रसंग पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यास लाज वाटू नये.

मोडीचा आग्रह आज चमत्कारिक वाटेल. त्यामागील कारण पाहण्यासाठी निवेदनाच्या सात वर्षे मागे जावे लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी सावकारांवर उठले, आणि तो वणवा नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचला. लोकांचा मुख्य रोख कर्जाच्या खतांवर होता. खते हिसकावून घ्यावी व जाळावी. ती बहुधा मोडीत लिहिलेली असत. ज्यास खत वाचता येत नाही, व्याज मुद्दलात केव्हा मिळविले हे कळत नाही, त्याच्या हाती त्या कागदाचे दुसरे काय करण्यासारखे उरते? पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याची खते सरकारी अधिकाऱ्यासमोर लिहिली जावीत अशी तजवीज झाली. तो उपाय चांगलाच. पण दुसऱ्याने वाचून दाखविणे निराळे आणि आपण वाचणे निराळे. मोडी आणि हिशेब ही त्या काळी नांगर-कुळवाइतकीच शेतीची औते होती, असे आम्ही समजतो.

शाळेत शेतकी शिकवावी म्हटले की दुसरे एक भय उभे राहते, आणि ते अगदी अनाठायी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी ह्यांनी खेड्यांतील मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत व उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे असा तिचा अर्थ लोकांनी घेतला, मोठा विरोध झाला, आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. फुल्यांची शेतकी ह्याहून वेगळी होती. ती शाळेबाहेर बापापाशी शिकावयाची नव्हती. इतिहास-भूगोलाच्या पंक्तीस बसून शिकावयाची होती. मुलाने पुढे शेत धरावे की सोडावे, हे त्याचे त्याने ठरवावे.

सक्तीचे पाऊल बडोद्यात १९०६ साली सर्व राज्यभर आणि कोल्हापुरात १९१७ साली पडले. १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यास त्यांच्या वसतिगृहातील मुले शेतात राबत, विहिरी खणीत आणि त्याच हातांनी पुस्तक धरीत. श्रमाने मुलास कमीपणा येत नाही, फक्त तो सर्व जातींच्या मुलांनी एका पंक्तीस करावा, हे तेथे दिसून आले.

आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षण हा कायद्याने हक्क आहे. २००९ चा तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मोडीची जागा आता पीकविम्याच्या अटींनी, कर्जाच्या करारपत्राने आणि सातबाऱ्यावरील नोंदींनी घेतली आहे. सातवी उतरलेल्या किती मुलांस घरचा सातबारा वाचून त्यावरील बोजा सांगता येतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. त्याच कायद्याने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांस व्यवस्थापन समिती सांगितली असून तिच्यात निदान तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ह्याच समितीने करावयाचा असतो. आमच्या सभासदांपैकी किती जणांनी आपल्या गावचा तो आराखडा उघडून पाहिला आहे?