संगणकांचा पहारेकरी कसा निवडावा?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं एखादे वडील बंधु किंवा काका असे असतील कीं, मध्यरात्रीं मोबाइल वाजतांच ते उठून संगणकापुढें जाऊन बसतात. त्यांस कोण उठवितें व कशासाठीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बँक, रुग्णालय, कारखाना यांचें काम आज अनेक सर्व्हरांवर चालतें. एखाद्या सर्व्हरची डिस्क भरली, कीं हिशेब अडतात. रुग्णाचा तपासणी-अहवाल डॉक्टरांपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं. अशा संकटाची आगाऊ वर्दी देणारा पहारेकरी म्हणजे देखरेखीचें सॉफ्टवेअर होय. यांपैकीं कांहीं सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' असतें. म्हणजे त्याचा सोर्स कोड कोणासहि वाचतां व सुधारतां येतो, आणि परवान्याचें शुल्क पडत नाहीं.

अशांपैकीं तीन नांवें विशेष प्रसिद्ध आहेत. पहिलें नागिओस. ईथन गॅलस्टाड या अमेरिकन गृहस्थांनीं तें १९९९ सालीं 'नेटसेंट' या नांवानें प्रसिद्ध केलें. तें लहान लहान तपासण्या करवितें व प्रत्येकीचें उत्तर एका अंकांत घेतें: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे संकट, ३ म्हणजे अज्ञात. रीत सोपी खरी. परंतु कोणतीं यंत्रें पाहावयाचीं हें सामान्यतः फाइलींत लिहून द्यावें लागतें. दुसरें झॅबिक्स. लाटव्हिया देशांतील अलेक्सेई व्लादिशेव यांनीं तें २००१ सालीं लोकांस खुलें केलें. त्यांत तपासणी, आलेख व इशारे एकाच ठिकाणीं मिळतात; मात्र माहिती डेटाबेसांत सांठत जाते, व त्या डेटाबेसाचीहि निगा राखावी लागते. तिसरें प्रॉमिथियस. त्याचा आरंभ २०१२ सालीं साउंडक्लाउड या कंपनींत झाला. तें ठराविक वेळानें स्वतः जाऊन आंकडे गोळा करितें. जेथें कंटेनर क्षणांत निर्माण होतात व क्षणांत नाहींसे होतात, तेथें तें फार उपयोगी पडतें. परंतु वेगळी आज्ञा न दिल्यास तें आंकडे पंधराच दिवस ठेवितें.

मग यांत उत्तम कोणतें? आमच्या मतें हा प्रश्नच उलटा आहे. वैद्य आधीं रोगी पाहतो, मग औषध देतो. कंपनीनेंहि प्रथम चार गोष्टी ठरवाव्या: पाहावयाचें काय, जुनी माहिती किती काळ हवी, पहारेकऱ्याची निगा कोण राखणार, आणि कोणत्या कारणासाठीं माणसास झोपेंतून उठवावयाचें. राउटर, स्विच व नेहमींचे सर्व्हर पाहावयाचे, आणि माणूस एकच, तर बहुधा झॅबिक्स सोईचें. कंटेनर पुष्कळ व जाणते लोक हाताशीं, तर प्रॉमिथियस. शुल्क नाहीं म्हणून श्रमहि नाहींत, असें मात्र कोणीं समजूं नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. रात्रींतून चाळीस वेळां निष्कारण घंटा वाजली, तर एकेचाळिसाव्या वेळीं कोणी उठत नाहीं. आणि खरा लांडगा नेमका तेव्हांच येतो. म्हणून ज्या इशाऱ्यावर तत्काळ कांहीं करावयाचें आहे, त्यानेंच माणसास उठवावें. बाकीचे सकाळीं वाचावे.

आणखी एक सावधगिरी. पहारेकरी ज्या सर्व्हरवर बसतो तोच बंद पडला, तर पहारेकरीहि मुका होतो. यास्तव त्याचें बिऱ्हाड निराळें असावें, व त्याच्यावरहि दुसऱ्या कोणाची नजर असावी.

शेवटीं परीक्षा. दहा यंत्रांवर महिनाभर प्रयोग करावा, आणि फारशी हानि न होईल अशी एखादी सेवा मुद्दाम बंद करून पाहावी. वर्दी योग्य माणसास वेळेवर पोंचली, तर निवड बरोबर. न पोंचली, तर गुणांची लांबलचक यादी व्यर्थ होय. पहारेकऱ्याची योग्यता त्याच्या पोशाखावरून नव्हे, तर त्याच्या जागेपणावरून ठरते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.