हेअरस्प्रे आणि मॉस्कोचा हिवाळा

खरा सोव्हिएत टी-34 रणगाडा सुमारे सहा मीटर लांब. 1:35 या मापाच्या मॉडेलमध्ये तो जेमतेम 17 सेंटिमीटर उरतो, तळहातावर मावतो. आता हिशेब उलटा करून बघा. झीज दाखवायला मॉडेलवर रंगाचा एक मिलिमीटरचा टवका उडवला, तर तो खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा ठरतो! म्हणून मुरलेले छंदी लोक टवके उडवताना श्वास रोखतात.

1941च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या परिसरात सोव्हिएत सैन्याने हिरव्या रणगाड्यांना पांढरा रंग फासला, बर्फात दिसू नयेत म्हणून. रंग मुद्दामच कच्चा, थंडी सरली की धुऊन टाकता यावा असा. पण तो रंग थंडी सरायची वाट कुठला पाहायला! पायदळाचे सैनिक रणगाड्याच्या पाठीवर बसून जात. त्यांचे बूट जिथे घासत, चालक जिथून आत-बाहेर करी, तिथे खालचा हिरवा डोकावू लागे.

हीच झीज टेबलावर आणायची युक्ती भन्नाट आहे. हिरवा रंग पक्का वाळू द्यायचा. त्यावर हेअरस्प्रे मारायचा, होय, केसांवर मारतात तोच. वर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर. तो वाळला की बोटभर जागा पाण्याने भिजवून जरा थांबायचं. पाणी पांढऱ्या थरातून झिरपतं, खालचा हेअरस्प्रे मऊ पडतो, आणि ब्रशने हलकेच घासलं की पांढऱ्याची खपली सुटते. कडा इतक्या वेड्यावाकड्या, की कुणी हाताने काढू म्हणेल तर जमणार नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वी तिकडेही हेच घडलं होतं: कच्चा थर, ओल, घासणं.

बारीक ओरखड्यांसाठी स्पंजाचा फाटका तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवतात, कागदावर टिपतात आणि उरलासुरला रंग कडांना टेकवतात. रणगाड्याच्या साखळी-पट्ट्याच्या, जमिनीला घासणाऱ्या उंचवट्यांवर पेन्सिलीचं शिसं फिरवलं की घासलेल्या पोलादाची चकाकी येते.

नवशिके मात्र गंजावर तुटून पडतात. काही आठवड्यांत जळून जाणाऱ्या रणगाड्याला एवढं गंजायला सवड कुठली?

टवका नेमका कुठे उडवायचा हे शिकायला रणगाडाच हवा असं नाही. रस्त्याकडेला उभ्या जेसीबीच्या बकेटकडे आणि चालकाच्या पायरीकडे पाच मिनिटं निरखून बघा.