उंच डोंगरवाट : कष्ट, काळजी आणि कमाई

“ताई, आम्हाला जमेल का?” हा प्रश्न वस्तीतल्या कितीतरी भगिनींनी आम्हाला विचारला. कारण गेल्या ऑक्टोबरात आम्ही नऊ जणी नेपाळात जाऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट चालून आलो. आमच्यात दोघी परिचारिका, तिघी शिक्षिका, एक आशा कार्यकर्ती, एक बँकेत कारकून आणि दोघी घर सांभाळणाऱ्या. सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग बसने काठमांडू आणि पुढे छोट्या विमानाने लुक्ला.

जमेल का, याचे उत्तर आहे : तयारी केली तर बहुतेकींना जमेल, काहींनी मात्र जाऊ नये. कुणी जाऊ नये आणि का, हे कळावे म्हणून हा लेख.

वाट कशी आहे?

लुक्ला सुमारे २,८६० मीटर उंचीवर आहे. तिथून गाडीरस्ता नाही, पायीच जायचे. दूधकोशी नदीवरचे झुलते पूल ओलांडत नामचे बाजार (३,४४०), मग तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०), लोबुचे (४,९४०), गोरकशेप आणि शेवटी बेस कॅम्प, ५,३६४ मीटर. जाऊन-येऊन अंतर सुमारे १३० किलोमीटर, दिवस बारा ते चौदा. आपले नागपूर ३०० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे ही वाट जिथे सुरू होते, ती जागाच कळसूबाईच्या कितीतरी वर आहे.

दोर लावून चढण्याचा हा प्रकार नाही. रोज पाच-सहा तास चालायचे, एवढेच. अवघड असते ते श्वास घेणे.

दम का लागतो?

“वर ऑक्सिजन कमी असतो” असे आपण म्हणतो. खरे तर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण खाली-वर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन हाती लागतो.

शरीर हे हळूहळू जुळवून घेते. आधी श्वास जलद होतो, नाडी वाढते. मग मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकतात, म्हणून लघवी जास्त होते. ते चांगले लक्षण आहे. पुढे काही आठवड्यांत तांबड्या पेशीही वाढतात. वॉर्डात बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९० च्या खाली गेला की आम्ही डॉक्टरांकडे धावत असू. लोबुचेला आमच्या सगळ्यांचे आकडे ८० ते ८५ च्या दरम्यान होते आणि आम्ही बसून डाळभात खात होतो. कारण शरीराला त्यासाठी दिवस दिले होते.

म्हणून नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबावे. आम्ही नामचे आणि दिंगबोचे या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री काढल्या. घाई करणारे धट्टेकट्टे तरुण आमच्या पुढे गेले आणि त्यांतले काही डोके धरून खाली येताना भेटले. तरुण आहे, व्यायाम करतो, म्हणून हा त्रास होत नाही, असे मुळीच नाही.

धोक्याची लक्षणे

पहिली पायरी : डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर, अन्न नको वाटणे किंवा फार थकवा. हे उंचीचे आजारपण समजावे आणि त्रास जाईपर्यंत वर चढू नये.

दुसरी पायरी मेंदूला सूज येण्याची. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोपाळतो, तोल जातो. तपासायला यंत्र लागत नाही. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगा. चालता आले नाही, तर ताबडतोब खाली उतरवा.

तिसरा प्रकार फुप्फुसात पाणी होण्याचा. बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, ओठ निळसर दिसतात, गुलाबी फेस पडू शकतो. यातही खाली उतरणे हाच पहिला उपचार. ऑक्सिजन आणि औषधे मदत करतात, पण ती उतरण्याची जागा घेत नाहीत.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी जुळवून घेण्यास मदत करते. पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिथे टाळाव्यात.

लोबुचेची रात्र

आमचे सामान तीन भरिया वाहत होते. भरिया म्हणजे हमाल. कपाळावर नाम्लोचा पट्टा आणि पाठीवर ओझे. या वाटेवरचे सगळे भरिया जन्मापासून उंचीवर राहिलेले शेर्पा असतात, हा आपला गैरसमज आहे. अनेक जण खालच्या डोंगरातले शेतकरी असतात. उंची त्यांनाही आपल्याइतकीच बाधते.

त्यांतला एक विशीतला मुलगा लोबुचेला जेवला नाही. विचारले तर म्हणाला, “ठिक छ, दिदी.” आम्ही त्याला रेषेत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर आदळला. दोन दिवसांपासून डोके दुखत होते, पण सांगितले नव्हते. आजारी म्हटले की परत पाठवतात आणि पुढच्या दिवसांची मजुरी जाते, हे त्याला माहीत होते. त्याच्या पाठीवर आमच्या दोन पिशव्या होत्या, मिळून २४ किलो. त्यांत आमच्या एका पिशवीत तीन स्वेटर, दोन किलो चिवडा आणि न वाचलेली दोन पुस्तके होती. ते आठवले की अजून मान खाली जाते.

वाटाड्या म्हणाला, सकाळी बघू, फार तर त्याला एकट्याला खाली पाठवू. हीच चूक या वाटेवर जीव घेते. सूज आलेल्या मेंदूचा माणूस रात्रीत बेशुद्ध होऊ शकतो आणि एकटा पाठवला तर वाटेतच बसून राहतो. आम्ही दोघी परिचारिकांनी डॉक्टरांनी लिहून दिलेले डेक्सामेथासोन त्याला दिले, त्याला आमची जाकिटे घातली आणि वाटाड्याच्या सोबत्याला घेऊन रात्री आठ वाजता उतरायला लागलो. थुकलाच्या खिंडीत एव्हरेस्टवर मेलेल्या गिर्यारोहकांची स्मारके आहेत. टॉर्चच्या उजेडात ती दिसत होती. कुणीच बोलले नाही.

फेरिचेला, सुमारे ७०० मीटर खाली, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्य केंद्र आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात. त्याला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दुपारी तो उठून बसला, भात खाल्ला आणि सरळ रेषेत चालून दाखवला. काठमांडूला परतल्यावर सहल काढणाऱ्या कंपनीशी बसून बोललो आणि त्याची सगळ्या दिवसांची मजुरी घेतली. सहज मिळाली नाही, पण मिळाली.

आमच्यातल्या सहा जणींनी बेस कॅम्प गाठला. आम्ही दोघींनी पाहिला नाही. लोक हळहळतात. आम्हाला खंत आहे ती दोन दिवस त्याची डोकेदुखी आमच्या लक्षात आली नाही याची. एकमेकींचे ऑक्सिजनचे आकडे रोज वहीत लिहिणाऱ्या आम्ही, आमचे ओझे वाहणाऱ्याच्या बोटाला ते यंत्र एकदाही लावले नव्हते.

नववी कुठे राहिली?

नऊ जणींपैकी एक ताई नामचेलाच थांबली. त्याचे कारण निघण्याच्या सहा महिने आधीच्या रक्ततपासणीत आहे.

विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने अशा उंचीवर जाऊच नये. वाहक व्यक्ती एरवी धडधाकट असते, तिला काही औषध लागत नाही. पण खूप उंचीवर वाहकांच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा अडल्याच्या नोंदी आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखणे हे त्याचे लक्षण.

आम्ही नऊ जणींनी आधी सोल्युबिलिटी चाचणी केली. एकीची पॉझिटिव्ह आली. पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत ती वाहक निघाली. वय ४४, दोन बाळंतपणे झालेली, तिला हे कधी कुणी सांगितले नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने नामचेपर्यंतच यायचे ठरवले. आम्ही पुढे निघालो त्या सकाळी ती रडली. आम्हीही रडलो.

पण तिच्या त्या कागदामुळे तिच्या मुलांची तपासणी झाली. मुलगी वाहक निघाली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाकडच्यांनी आढेवेढे घेतले, पण तपासणी केली. मुलगा वाहक नव्हता. दोघेही वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक राहिली असती. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे जुळवणे गरजेचे आहे, हे आता आमच्या वस्तीत वेगळे सांगावे लागत नाही.

रक्त, पाय आणि पाणी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आमच्यातल्या तिघींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली होते. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घेतल्या, चहा गोळीपासून दूर ठेवला, जंताची गोळी घेतली. चार महिन्यांत तिघींचेही वाढले. ऑक्सिजन वाहून नेते ते हिमोग्लोबिनच. ते कमी असेल तर डोंगर कशाला, जिनाही जड जातो.

पायांचे म्हणाल तर नवे बूट घालून निघू नका. दोन महिने आधी ते घालून बाजारहाट करा. कातडी चुरचुरली की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा, फोड येण्याची वाट पाहू नका. नखे कापा, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. गुडघ्यांची परीक्षा चढताना नाही, उतरताना होते. हातात काठी असू द्या.

पाण्याबद्दल एक गोष्ट उघड बोलायला हवी. आडोसा नाही म्हणून बायका पाणी कमी पितात. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केले आणि संध्याकाळी सगळ्यांची डोकी दुखत होती. मग ठरवले, दोघींनी चादर धरायची आणि तिसरीने जायचे. लाजेपायी तहानलेले राहू नये. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, तरी खळखळून उकळलेले पाणी प्यायला सुरक्षित असते. पाळीचे पॅड सोबत ठेवावेत आणि वापरलेले कागदात गुंडाळून खाली परत आणावेत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांतल्या काहींनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

मग मिळाले काय?

तयारीसाठी आम्ही आठ महिने रोज पहाटे तासभर चाललो, आठवड्यातून दोनदा पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन जिने चढलो आणि महिन्यातून एकदा रामटेकची टेकडी केली. खरी कमाई या आठ महिन्यांतली आहे. एकीची साखर आटोक्यात आली, दोघींचा रक्तदाब उतरला. परत आल्यावरही पहाटेचे चालणे थांबलेले नाही. नऊच्या आता एकवीस झालो आहोत.

आणि ते चौदा दिवस. कुणी आम्हाला चहा मागितला नाही, कुणाचा डबा भरायचा नव्हता. तेंगबोचेच्या गोंपाबाहेर सकाळच्या उन्हात बसलो होतो. समोर बर्फाची शिखरे. घर सांभाळणारी एक ताई म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा मी काहीच न करता बसले आहे.” २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. त्यांच्यापुढे आमची वाट छोटीच. पण डोंगर हे फक्त सवड आणि पैसा असणाऱ्यांचे, हे आता आम्हाला कुणी सांगू नये.

निघण्याआधी

१. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि सिकलसेल तपासा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्या.
२. सहा ते आठ महिने तयारी करा. सुरुवात घराच्या जिन्यापासून.
३. दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा, म्हणजे थांबायला कुणी कुरकुर करणार नाही.
४. हेलिकॉप्टरचा खर्च देणारा विमा काढा. भरियाचाही विमा आहे का, त्याला गरम कपडे आणि झोपायला जागा आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.
५. रोज संध्याकाळी सगळ्यांना “डोके दुखते का?” असे विचारा. सगळ्यांत भरियाही आला.
६. आजारी माणसाला कधीही एकटे खाली पाठवू नका.

आणि डोंगराला जायचे नसेल, तरी यातले पहिले काम या महिन्यातच करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलच्या तपासणीबद्दल विचारा. जाताना घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनाही सोबत न्या.