थरांची एकजूट

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता, संगमनेर या भागांतील डाळिंबे दूरदूरच्या बाजारपेठांत जातात. मुलांनो, ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातात, त्यांपैकी एखादे हाती घेऊन त्याची कड नीट न्याहाळा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटविलेला दिसेल. यासच पन्हळी पुठ्ठा म्हणतात. १८७१ साली अमेरिकेत आल्बर्ट जोन्स यांनी काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी पन्हळी कागद योजिला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्यास सपाट कागदाची जोड दिली.

हे कागद सुटे असताना दुबळेच असतात. मग एकत्र येताच त्यांच्या अंगी बळ कोठून येते? पुठ्ठा वाकू लागला, की बाहेरच्या एका कागदावर ताण पडतो व दुसऱ्यावर दाब. मधला नागमोडी कागद त्या दोघांस ठरावीक अंतरावर धरून ठेवतो; म्हणून पुठ्ठा ताठ राहतो. धक्का बसला, तर हाच मधला थर किंचित दबून तो सोसतो व फळास जपतो. परंतु या साऱ्याचा आधार म्हणजे थर जोडणारी खळ. पुठ्ठा भिजला, की कागद मऊ पडतो, खळ सुटते आणि खोके कोलमडते.

घराच्या भिंतीचेही असेच आहे. आपल्याकडील जुन्या घरांची जाड भिंत एकसंध दिसली, तरी ती पुष्कळदा दुपदरी असते. आतून व बाहेरून दगडांचा एकेक पदर आणि मध्ये माती व दगडगोटे यांचा भराव, अशी तिची रचना. ती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पण दोन्ही पदरांस सांधणारे लांब दगड तीत नसतील, तर तिची जाडी फसवी ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हेच घडले. हादऱ्यांनी भिंतींचे पदर फाकले, भराव ढासळला आणि मातीची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले.

म्हणून दगडी भिंत बांधताना तिच्या जाडीइतके लांब दगड ठरावीक अंतरावर आरपार घालावेत, कोपरे घट्ट सांधावेत आणि सर्व भिंतींवरून काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा, असे तज्ज्ञ सांगतात. केवळ जाडी पाहून भिंतीवर विसंबू नये. तिचे थर एकमेकांस कसे बांधले आहेत, हे आधी पाहावे.