सुवाह्य हाय-फाय म्युझिक प्लेअर
सुवाह्य हाय-फाय म्युझिक प्लेअर हे मूळ ध्वनिमुद्रणातील माहिती न गमावणाऱ्या 'फ्लॅक'सारख्या धारिका वाजवणारे, खिशात मावणारे उपकरण आहे. दक्षिण कोरियाच्या आयरिव्हर कंपनीचा 'ॲस्टेल अँड कर्न एके१००' २०१२ मध्ये, तर गायक नील यंग यांचा 'पोनो' २०१५ मध्ये बाजारात आला. दोन्ही २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनिमुद्रण वाजवत. सीडीवर ते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असते. मात्र मानवी कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असून तेथपर्यंतचा ध्वनी सीडीवरही साठवता येतो. त्यामुळे केवळ या आकड्यांवरून श्रेष्ठत्व ठरत नाही. एके१०० चा आउटपुट इम्पिडन्स २२ ओहम होता; त्यामुळे कमी इम्पिडन्सच्या काही इअरफोनमध्ये ध्वनीचा समतोल बदलत असे. हा फरक प्रत्यक्ष ऐकू येणारा होता.