तारेकडून तंतूकडे

टी. टी. नगर या आद्याक्षरांनीच सारे शहर ज्याला ओळखते, त्या भोपाळच्या तात्या टोपे नगरात मान वर करून चालणाऱ्यास आकाशाआधी तारा दिसतात. विजेच्या खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून कडुनिंबाच्या फांदीवर आणि तेथून कुणाच्या तरी खिडकीच्या गजातून दिवाणखान्यात शिरणाऱ्या या काळ्या तारांचा मोठा भाग केबल टीव्हीचा आहे. त्यांतल्या कित्येक आता मृत आहेत, परंतु त्या उतरवून घेण्याची मजुरी कोणी द्यायची याचा निवाडा न झाल्यामुळे त्या आपल्या जागी कायम आहेत. त्यांच्याच शेजारून अलीकडे एक बारीक, चपटी, काळी तार धावू लागली आहे. तिच्या पोटात तांबे नाही, काच आहे. या दोहोंमधला फरक नीट समजून घ्यावा म्हणून एका केबलचालकाच्या परवानगीने त्याच्या माणसांबरोबर मी गल्लीबोळांतून हिंडलो.

हा चालक धंद्यातला जुना माणूस. १९९१ साली स्टारच्या वाहिन्या उपग्रहावरून उतरू लागल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला, आणि एक गच्ची, एक तबकडी व चार घरांशी ओळख एवढे भांडवल ज्याच्यापाशी होते असा प्रत्येक हिकमती तरुण त्या काळी केबलवाला झाला. १९९५ च्या कायद्याने या मंडळींवर डाकघरात नोंदणी करण्याचे बंधन घातले; पण नोंदणी झाली म्हणून हिशेब चोख झाला असे नव्हे. एकदा तार घरात शिरली की तिच्यातून काय वाहते आणि किती घरांत वाहते, याची रुजवात घालण्याचे कोणतेही साधन वाहिनीच्या मालकापाशी नव्हते. कागदोपत्री शंभर घरे आणि वसुली तीनशे घरांची, हा प्रकार धंद्यात सर्वश्रुत होता. २०११ साली कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटल पेटी सक्तीची झाली, प्रथम चार महानगरांत आणि दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरांत तिचा अंमल सुरू झाला. इंदूर व जबलपूर यांच्यासह भोपाळ या दुसऱ्या टप्प्यात होते आणि मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. ज्या घरी पेटी त्याच घरी चित्र, आणि प्रत्येक पेटीचा क्रमांक मध्यवर्ती दफ्तरात नोंदलेला, अशी व्यवस्था लागल्यावर मोहल्ल्यातला केबलवाला स्वतःच्या छोट्या संस्थानाचा अधिपती न राहता मोठ्या कंपनीचा कमाविसदार झाला.

उच्च स्पष्टतेच्या वाहिन्या, म्हणजे लोक ज्यांना एचडी म्हणतात त्या, या डिजिटल व्यवस्थेत सुखाने नांदतील असे वाटले होते. परंतु जेथून सर्व वाहिन्या तारेत सोडल्या जातात त्या कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकल्यावर त्यांनी केवढी जागा अडवली आहे हे ध्यानी येते. गच्चीवर आकाशाच्या एका विशिष्ट बिंदूकडे तोंड करून बसलेल्या तबकड्या, खाली वातानुकूलित खोलीत छतापर्यंत रचलेली ग्राहकयंत्रे, त्यांच्यापुढे अनेक वाहिन्यांचे प्रवाह एकत्र गुंफणारी यंत्रे, आणि भिंतीवर बोटभर चौकटींत एकाच वेळी हलणारी शेकडो चित्रे: असा तो सरंजाम. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० बिंदू; एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००; बरोबर पाचपट. तारेतली जागा मात्र आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वाटलेली असते आणि पट्टे मोजकेच असतात. जुन्या अॅनालॉग जमान्यात एका पट्ट्यात एकच वाहिनी मावे. डिजिटल झाल्यावर त्याच पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट माहिती जाऊ लागली आणि वीसेक साध्या वाहिन्या बसू लागल्या. पण एचडी म्हटल्या की सहा-सातांतच पट्टा भरतो. तेथला अभियंता एका भरलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "एक एचडी चढाओ, तो तीन को उतारने की सोचना पड़ता है." कोणाला उतरवायचे याचा निर्णय गुणवत्तेवर नव्हे, तर तक्रार करणारी घरे किती यावर होतो, आणि परभाषिकांच्या वस्तीतील भाषा त्यात पहिली बळी पडते. भोपाळातल्या मराठी कुटुंबांना सह्याद्री आणि झी मराठी मिळण्यासाठी जी आर्जवे वर्षानुवर्षे करावी लागली, त्यांचे मूळ द्वेषात नसून या पट्ट्यांच्या टंचाईत आहे.

सरकारी दरपत्रकानेही ही टंचाई मान्य केलेली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ साली अधिसूचित केलेली आणि फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आलेली नवी दरव्यवस्था पहिल्या शंभर साध्या वाहिन्यांसाठी करांव्यतिरिक्त १३० रुपये इतके वहनशुल्क ठरवत होती, आणि त्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली जात होती. पुढे त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या देण्याचा हुकूम निघाला आणि २०२४ च्या जुलैत या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. ग्राहकाला मात्र यातले फारसे काही कळलेले नसते. त्याला दरमहा येणारा आकडा तेवढा कळतो, आणि तो वाढला की वसुलीस आलेल्या पोराला त्याची कारणे उंबरठ्यावर उभ्याउभ्या द्यावी लागतात.

टंचाईवरचा उपाय म्हणजे काचेचा तंतू. तांब्याच्या तारेत संकेत अंतरागणिक क्षीण होतो, म्हणून खांबाखांबावर त्याला बळ देणारे अॅम्प्लिफायर बसवावे लागतात. त्यांना वीज लागते, ते संकेताबरोबर खरखरही वाढवतात, आणि म्हणून ओळीतल्या शेवटच्या घराचे चित्र नेहमी सर्वांत वाईट. तंतूच्या जाळ्यात कंट्रोल रूमपासून घरापर्यंत मध्ये विजेचे नावही नसते. प्रकाशाची वाटणी करणारा काचेचाच एक निर्जीव कपलर खांबावरच्या डबीत असतो, आणि मोहल्ल्याची वीज गेली तरी त्याला खबर नसते.

हे काच जोडण्याचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. शिवाजी नगरात एका खांबाखाली प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून पंचविशीच्या तंत्रज्ञाने आपली हत्यारे मांडली आणि वाऱ्याकडे पाठ करून तो बसला, कारण धुळीचा एक कणही या कामात विघ्न ठरतो. त्याने तारेचे कवच सोलले, आतले बळकटीचे पिवळे धागे कातरले आणि जोडणीच्या आधीच एका टोकात पारदर्शक स्लीव्ह ओवून ठेवली. जोड झाल्यावर ती ओवता येत नाही. मग रंगीत लेप एका ओढीत निघाला आणि उघडी काच दिसली. तिची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश ज्यातून जातो तो तिचा गाभा मिलिमीटरचा शंभरावा भागही भरत नाही. स्पिरिटात भिजवलेल्या टिश्यूने ती त्याने इतकी पुसली की बारीकसा 'चुर्र' आवाज आला. तो आवाज येईपर्यंत काच स्वच्छ झाली असे तो मानत नाही. क्लीव्हरने टोक छाटून उरलेला कण त्याने जपून एका बाटलीत टाकला, कारण तो बोटात शिरला तर डोळ्यांना सापडत नाही. दोन्ही टोके जोडणी करणाऱ्या यंत्राच्या खाचांत बसताच पडद्यावर ती मोठी होऊन दिसली. पण एकाची छाट तिरपी होती, म्हणून यंत्राने जोडण्यास साफ नकार दिला, आणि पोराने एक अक्षर न बोलता पुन्हा सोलण्यापासून आरंभ केला. दुसऱ्या खेपेस टोके आपोआप समोरासमोर सरकली, ठिणगी उडाली, काच वितळून एक झाली आणि पडद्यावर ०.०२ डेसिबल हा आकडा उमटला. "अब कोई बता दे कि जोड़ कहाँ है," एवढेच तो म्हणाला. त्याच्या समाधानाला कारण होते. तांब्याच्या तारेला दातांनी सोलून पीळ देणाऱ्या पिढीला असा जोड कधीच साधला नसता.

ती तार पुढे बरखेड्याकडच्या एका घरात गेली. गृहस्थ हेवी इलेक्ट्रिकल्समधून निवृत्त झालेले, घरात बोलणे मराठी. तंत्रज्ञाने मीटर लावून प्रकाशाच्या बळाचा उणे १९ हा आकडा वाचला. उणे २७ च्या खाली गेल्यास जोडणी टिकत नाही, तेव्हा हे उत्तमच होते. या अवस्थेत तंतू एकच, पण त्यातून प्रकाश तीन जातात: १५५० नॅनोमीटरचा जुन्या केबलच्या सर्व वाहिन्या घेऊन येतो, १४९० चा इंटरनेट आणतो, आणि १३१० चा घरातली मागणी परत नेतो. भिंतीवरच्या पांढऱ्या डबीतून एक आखूड तांब्याची तार जुन्या पेटीला गेली, दुसऱ्या टोकाने वायफाय सुरू झाले, आणि मग काकूंच्या आग्रहावरून मराठी मालिकेची एचडी वाहिनी लावण्यात आली. त्या पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, हिच्या शालूचा काठ आत्ता कुठे दिसला मला; इतके दिवस नुसता लाल रंगच दिसायचा." काकांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा.

परंतु खरे स्थित्यंतर याच्या पुढच्या पायरीवर आहे. आजवरची केबल म्हणजे पंगत होती. भूक असो वा नसो, सर्व पदार्थ प्रत्येकाच्या पानात वाढायचे आणि ज्याने त्याने हवे ते उचलायचे. इंटरनेटच्या पद्धतीने येणाऱ्या दूरचित्रवाणीत घरी बटण दाबल्यावर मागणी वर जाते आणि तेवढी एकच वाहिनी त्या घराकडे सोडली जाते. बाकीच्या शेकडो वाहिन्या कंट्रोल रूममध्येच थांबतात. त्यामुळे पट्ट्यांची टंचाई संपते, एचडीसाठी कोणाला उतरवण्याचे कारण उरत नाही, आणि भोपाळातल्या चार घरांनी मागितलेल्या मराठी वाहिनीलाही हिंदी वाहिनीइतकाच हक्क मिळतो. ही गोष्ट येथे कल्पनेतली राहिलेली नाही. भारत संचार निगमने तंतूवरची आपली आयएफटीव्ही सेवा २०२४ च्या अखेरीस पाचशेहून अधिक वाहिन्यांसह आरंभली ती मध्य प्रदेश आणि तमिळनाडू या दोन मंडळांत, आणि टीव्ही पाहण्यात खर्च होणारी माहिती ग्राहकाच्या इंटरनेटच्या कोट्यातून वजा होणार नाही असे जाहीर केले. एअरटेलने २०२५ च्या मार्चमध्ये अशीच सेवा दोन हजार शहरांत खुली केली.

या सोयीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पंगतीत कोणी काय खाल्ले याची नोंद कोणी ठेवत नसे. मागेल ते देणाऱ्या व्यवस्थेत कोणत्या घराने कोणत्या वेळी काय मागितले याची खातेवही आपोआप तयार होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे खरा, पण सोफ्यावर बसून वाहिनी बदलणाऱ्याला आपण काही माहिती देत आहोत याची जाणीवच नसते, तेथे संमती ती कसली? दुसरे असे की, जुनी तार अर्धवट बिघडली तरी मुंग्यामुंग्यांचे का होईना चित्र येई. तंतू तुटला की डबीवरचा 'लॉस' नावाचा लाल दिवा लागतो आणि टीव्ही, इंटरनेट व त्यावरचा दूरध्वनी एकदमच बंद पडतात. "लॉस लाल हो रिया है, खाँ," असा भोपाळी ठसक्यातला फोन आला की आमचा तो तंत्रज्ञ पोरगा शिडी उचलतो, आणि रस्ता खोदणाऱ्या कुठल्या यंत्राने तार नेली असेल याचा अदमास बांधत निघतो.

केबलचालकाचे भवितव्य या शिडीवरच अवलंबून आहे. हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांची सूत्रे २०१८ च्या ऑक्टोबरातील व्यवहाराने रिलायन्सकडे गेली. वाहिन्या, दर आणि पेटी यांपैकी कशावरही मोहल्ल्यातल्या माणसाची सत्ता उरलेली नाही. तरीही भारत संचार निगमसारखी सरकारी संस्था आपली तंतुजोडणी घरोघर नेण्यासाठी स्थानिक केबलचालकांनाच उत्पन्नाच्या वाट्यावर भागीदार करून घेते. कारण कोणत्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते आणि कोणत्या खांबाला हात लावला की कोण भांडायला येते, हे ज्ञान कोणत्याही सर्व्हरवर साठवलेले नाही. चित्र विकण्याचा त्याचा धंदा बुडाला, वाट राखण्याचा उरला. आणि माझ्या मते तोच अधिक प्रतिष्ठेचा आहे.

वाचकांना सांगणे इतकेच की, जुनी पेटी परत करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हव्या त्या वाहिन्या गठ्ठ्याऐवजी एकेक निवडल्यास बिल किती होते, घरची वीज गेल्यास भिंतीवरची डबी इन्व्हर्टरवर चालेल अशी जोडली आहे की नाही, आणि तार तुटल्यास ती जोडायला येणाऱ्या माणसाचा क्रमांक कोणता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीही देईल. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल, तर जोडणी घेऊ नये.