कोयत्याचं पाणी

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत लोखंडी अवजारांच्या कोपऱ्यावर गर्दी वाढते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी हा बालाघाटच्या डोंगरांतला आणि त्याच्या पायथ्याचा पट्टा दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतो. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, कारखान्याची गाडी कधी दारात येईल याचा नेम नसतो. पुढचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर थेट बेळगावकडच्या फडांत काढायचे असतात. निघण्याआधीच्या खरेदीत पीठ-मीठ, ताडपत्री, विजेरी आणि कोयते. या सगळ्या सामानात कोयता स्वस्तातल्या वस्तूंपैकी एक, काहीशे रुपयांचा. पण तो घेताना जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशालाच जात नाही.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यामागे ठरते, टोळी कोयत्यांत मोजतात. त्या वहीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. पण हातातल्या त्या लोखंडी पात्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. बाजारात माणूस कोयता उचलतो, डोळ्यासमोर धरतो, वाजवतो, अंगठा फिरवतो आणि ढिगात परत टाकतो. या पारखीत धातुशास्त्राचं बरंच ज्ञान भरलेलं आहे, फक्त ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही.

आधी कोयत्याला काम काय पडतं ते बघू. एका उसाचं वजन सरासरी एक-दीड किलो धरलं, तर टनाला ७०० ते १००० ऊस लागतात. चांगल्या फडात एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. प्रत्येक उसाला निदान दोन घाव, एक बुडाला आणि एक शेंड्याचं वाढं छाटायला. पाचट सोलायला पातं फिरतं ते वेगळंच. म्हणजे दिवसाला दोन ते चार हजार घाव सहज होतात. बुडाचा घाव जमिनीला चिकटून बसावा लागतो. पक्व उसात साखर बुडाकडच्या कांड्यांत जास्त असते, म्हणून कारखान्याला तो तुकडा हवा. शेतकऱ्याला खोडवा जोमदार फुटायला हवा, म्हणून त्यालाही बुडखा वर राहिलेला चालत नाही. दोघांचं समाधान करायचं तर पातं मातीत, वाळूत, कधी दगडावर जाणारच. त्यात उसाच्या पानांतच वाळूचा अंश, म्हणजे सिलिका असते. पाचट सोलतानाही धार झिजत राहते.

आता ज्या पात्याला हे सोसायचं ते बनतं कशाचं? चांगला कोयता मालमोटारीच्या कमानपाट्याचा, हे बीडमध्ये शाळकरी पोरही सांगेल. स्प्रिंगच्या या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि पाण्या-तेलात विझवलं की ते कडक होतं. पत्र्याच्या किंवा बांधकामाच्या साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. ते कितीही तापवा, कितीही विझवा, धार धरण्याइतकं कडक होत नाही. रंग दिल्यावर दोन्ही कोयते सारखेच दिसतात. फरक कळतो तो सहाणेच्या चाकावर. कमानपाट्याच्या ठिणग्यांना टोकाशी फाटे फुटतात, साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा ओढून विझतात. दुकानदाराकडे धार लावायचं चाक असेल तर पाठीचा एक कोपरा हलकेच टेकवायला सांगावा. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं मत आहे.

पण नुसता कमानपाटा असून भागत नाही. स्वस्तातल्या दोन कोयत्यांत खरा फरक पडतो तो पाणी देण्यात. बीड-नगरच्या रस्त्यांवर गाडी सोडून बसणारे घिसाडी आणि गावोगावचे लोहार हे काम अजून हातानं, नजरेनं करतात. भट्टीवर नवरा सांडशीत पातं धरून बसलेला आणि बायको समोर उभी राहून घण मारते, हे दृश्य मराठवाड्याला नवं नाही. पातं ठोकून आकाराला आलं की धारेकडचा भाग लाल होईपर्यंत तापवतात. किती लाल, हे उन्हात कळत नाही, म्हणून जाणता कारागीर हे काम सावलीत किंवा दिवस कलल्यावर करतो. (ज्याला नजरेचा भरवसा नाही त्यानं लोहचुंबक वापरावं, साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं आणि त्याच्या किंचित वर पाणी द्यायचं.) मग फक्त धारेची बोट-दीड बोट रुंदीची पट्टी पाण्यात बुडवायची. पाठ नरमच राहू द्यायची, म्हणजे दगडावर आदळला तरी कोयता मोडत नाही.

एवढ्यावर थांबलं तर धार काचेसारखी कडक होते आणि तशीच फुटते. म्हणून विझवलेली धार थोडी घासून चकचकीत करतात आणि पाठीतली उरलेली ऊब तिच्याकडे येऊ देतात. चकचकीत लोखंडावर रंग चढत जातात: आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हा सगळा खेळ साधारण २२० ते ३०० अंशांच्या दरम्यानचा आणि काही क्षणांचा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण नरम. वस्तऱ्याला पिवळा बरा. दगडधोंड्यांत चालणाऱ्या कोयत्याला जांभळ्याच्या आगेमागे.

कडकपणा जितका जास्त तितकं पातं चांगलं, हा समज शहरात पक्का आहे. फडात तो चालत नाही, कारण फडात धार लावायला कानस असते आणि बसायला बांध. कानशीलाही न घासणारा कोयता पहिले दोन दिवस सुरेख चालेल. पण दगडावर आदळून खांडा पडला की तो काढायचा कशानं? म्हणून पारखी माणूस नवा कोयता घेताना धारेच्या कडेवर कानस फिरवून बघतो. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर लोखंड कच्चं. घसरून किंचाळली तर पाणी जास्त झालं. ती नाराजीनं, पण लागली पाहिजे. टोकाशी, मध्यावर आणि मुठीजवळ, तिन्ही ठिकाणी हाच अनुभव आला तर पाणी सारखं बसलंय म्हणायचं. बऱ्याच कोयत्यांचा मध्य उत्तम असतो आणि टोक नरम, कारण टोक पातळ असल्यानं भट्टीत आधी जळतं.

मग आवाज. मूठ चिमटीत सैल धरून पात्यावर टिचकी मारली की सलग, लांबणारा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. पाण्यात विझवताना केसासारखे बारीक तडे जातात आणि रंगाखाली लपतात. मूठ सैल असली तरी आवाज बद्दच येतो, म्हणून पुष्कळ जण कोयता बिनमुठीचा घेतात आणि मूठ घरी बाभळीची बसवतात. मुठीचं शेवटचं टोक जाडसर हवं. पहाटेच्या दवात हात ओला असतो, त्यातून कोयता निसटला तर डाव्या हाताच्या बोटांवर नाहीतर नडगीवर येतो. मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात तोही याचसाठी. पातं डोळ्याच्या रेषेत धरून पाठ सरळ आहे का, पाठीकडून धारेकडे जाडी एकसारखी उतरत जाते का, हेही बघायचं. जाडी धारेपाशीच अचानक उतरली असेल तर तो नुसता चाकावर घासून केलेला माल. घाव उसात शिरतो आणि अडकतो, मनगट संध्याकाळपर्यंत भरून येतं.

सगळ्यात फसवी असते ती नव्या कोयत्याची चकाकती धार. विजेच्या ग्राइंडरवर घाईनं धार काढताना कड तापते, आणि तिथे निळी झाक दिसली तर लोहारानं दिलेलं पाणी त्याच जागी उतरलं असं समजावं. वरून कोयता कागद कापेल इतका तीक्ष्ण असतो आणि फडात दुपारपर्यंत बोथट होतो. त्याच ढिगातला काळपट, ओबडधोबड, धार न लावलेला कोयता घेऊन स्वतः कानशीनं धार काढणारा माणूस शहाणा. बाजारात कागद कापून दाखवणाऱ्याकडे मी तरी नंतर बघत नाही.

हीच परीक्षा जत्रेतल्या घडीच्या चाकूला लावून बघण्यासारखी आहे. कटलरीच्या दुकानात पानाच्या आकाराचं पातं, पितळी नक्षी आणि वर ‘स्टेनलेस’ असा शिक्का मारलेला चाकू कोयत्याहूनही कमी पैशांत मिळतो. गंजत नाही हे खरं, पण स्वस्त स्टेनलेसचं पातं बहुधा नरम असतं आणि ते कानशीला लगेच कळतं. घडीच्या चाकूत आणखी एक जागा बघायची, ती खिळ्याची. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवावं. खिळ्यात खेळ असेल तर तो वाढतच जाणार. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का, की एका बाजूला घासतं? उघडलेलं पातं पाठीवर दाब दिल्यावर बोटांवर मिटतं का? स्वस्तात या तिन्ही गोष्टी जमवता येतात. फ्रान्सच्या साव्हॉयमध्ये १८९० साली जोसेफ ओपिनेलनं शेतकऱ्यांसाठी केलेल्या चाकूत लाकडी मूठ, एक खिळा आणि साधं कार्बनी पातं, एवढंच होतं. पातं अडकवणारं फिरतं कडं १९५५ साली आलं. त्या चाकूत दिखाऊ असं काही नाही, आणि तो अजून तिथे रोजच्या वापरात आहे.

आपल्याकडे घडीच्या चाकूचं नाव निघालं की लोकांना रामपुरी आठवतो, आणि कोयत्याचं निघालं की अलीकडे पुण्याच्या बातम्यांतली ‘कोयता गँग’. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण शेतीच्या आणि घरच्या वापरासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. कुणाच्या हातात काय शोभतं हे बातमीदारांना ठरवू द्या. बीडच्या माणसाला कोयता बाळगायला परवाना लागत नाही, पोट लागतं.

हंगाम सुरू झाला की एका कोयत्यावर निभत नाही. पाती झिजून अरुंद होत जातात. तळाजवळ घिसाड्याची भट्टी लागली असेल तर कोयता शेवटून घ्यायचा, म्हणजे धार पुन्हा ठोकून, पुन्हा पाणी देऊन. त्याचे पैसे तोडकऱ्याच्या खिशातून जातात, आणि तेवढा वेळ हात रिकामा. पडलेल्या दिवसाचा खाडाही त्याच्याच नावावर. २०२४च्या जानेवारीत ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. तिची बोलणी टनाच्या दरावर झाली, बातम्याही त्याच छापून आल्या. एका हंगामात किती कोयते झिजतात, किती कानशी गुळगुळीत होतात, याचा हिशेब त्या चर्चेच्या बातम्यांत मला कुठे दिसला नाही.

फडात आता ऊसतोड यंत्रंही उतरू लागली आहेत. त्यांनाही ऊस बुडालाच कापावा लागतो आणि त्यांनाही माती-दगड चुकत नाहीत. खालच्या फिरत्या तबकड्यांवर पोलादी पाती बोल्टनं बसवलेली असतात. एक बाजू झिजली की पातं उलटवायचं, दुसरी झिजली की बदलायचं. ही पाती यंत्रवाला गठ्ठ्यानं घेतो आणि डिझेल, ग्रीस, ड्रायव्हरचा पगार यांच्यासोबत खर्चाच्या बाजूला लिहितो. टनाचा दर ठरवताना तो खर्च त्यानं आधीच धरलेला असतो.